थांबू नका

केजेटियाच्या बाजाराअलीकडे बस अडकली ती अडकलीच. पुढं ट्रोट्रो, मागं ट्रोट्रो, माणसांनी ठासून भरलेल्या त्या छोट्या गाड्यांच्या मधल्या फटींतून डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांची परात घेतलेल्या बाया वाट काढत होत्या. आफिया खिडकीच्या गरम काचेला कपाळ टेकून बसली होती, तेव्हा समोरच्या भिंतीवर तिला स्वतःचा चेहरा दिसला. स्वतःचा, पण म्हातारपणचा. कपाळ तेच, रुंद आणि जरा पुढं आलेलं. डावी भुवई उजवीहून वर चढलेली, कुणी काही सांगावं आणि ते पटू नये तशी. कुमासीतल्या निम्म्या भिंती मेलेल्या माणसांच्या फलकांनी भरलेल्या असतात. सकाळपासून तिनं असे कितीतरी चेहरे पाहिले होते आणि एकही पाहिला नव्हता. हा फलक जुना होता. उन्हानं त्यातला लाल रंग गुलाबी पडला होता आणि एक कोपरा सुटून फडफडत होता. आकुआ आफ्रियी यांना जाऊन आठवडा झाला, आप्तेष्टांनी जमावे. खाली मुलांची नावं होती. क्वाबेना ओडुरो, अमेरिका. कोपऱ्यानं नाव झाकलं, आणि पुन्हा उघडं पडलं तेव्हा बस हलली होती. "काय गं?" शेजारच्या टेसनं विचारलं. "काही नाही, डोळ्यात धूळ गेली," ती म्हणाली. टेसनं लगेच पिशवीतून ओले कागदी रुमाल काढून दिले. टेसकडे सगळ्यावर काहीतरी असायचं.

मंगळवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा क्वाबेनाच असतो, एकटे डॅडीच नव्हेत, असं तिनं स्वतःला सांगितलं. ओडुरोही पोत्यानं सापडतील. अमेरिकेत वूस्टरमधल्या त्यांच्या चर्चमध्येच तीन होते. आणि आकुआ काय, कुणीही बुधवारची बाई आकुआ. ही सगळी समजूत पटण्यासारखी होती, पण त्या भुवईशी वाद घालता येत नव्हता. मग तिला डॅडींची पाठ आठवली. ख्रिसमसच्या सकाळी ते ओट्याशी उभे राहून केळी सोलत होते आणि तिनं सहज विचारलं होतं, "आजी कशी आहे?" "बरी आहे. तुझ्यासाठी प्रार्थना करते." सुरी थांबली नव्हती. ते वळले मात्र नव्हते. त्या वेळी त्या पाठीत तिला काहीच दिसलं नव्हतं. आता बस उकडत होती, मुलं गाणी म्हणत होती आणि ती पाठ तिच्यासमोर उभी राहिली होती. आजीशी तिचं बोलणं पंधरा वर्षं तेवढंच होतं. फोनवर आजी म्हणायची, "आफिया, एते सेन?" कशी आहेस? ही म्हणायची, "एये." बरी आहे. ट्वी भाषेतलं तिचं सगळं भांडवल तेवढंच. मग पलीकडून एक खडबडीत हसू यायचं आणि डॅडी फोन काढून घ्यायचे. त्यांनी तिला भाषा शिकवलीच नाही. "तुला तिची गरज पडणार नाही," म्हणायचे. ते असं म्हणायचे तेव्हा तिला वाटायचं, हा आशीर्वादच आहे.

कॉलेजची ही सहल आधी व्होल्टाच्या बाजूला जायची होती. मार्चमधल्या सुट्टीत बाकीची मुलं समुद्रावर लोळायला जातात आणि हे बारा जण सेवा करून शिकणार, अशी ती योजना होती. डॅडींनी हो म्हटलं होतं. पुढं तिकडचं काम रद्द होऊन अशांतीतलं, डॅडींच्याच मुलखातलं, असोन्येसो हे गाव ठरलं. तिनं घरी सांगितलं तेव्हा ते धुतलेल्या चादरीची घडी घालत होते. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. "बरं," ते म्हणाले. "गटाबरोबर राहा. गटाचा नियम मोडू नकोस." पत्ता नाही, कुणाचं नाव नाही, कुणाला द्यायला एखादी वस्तूही नाही. लोक तर गावाकडं जाणाऱ्याच्या बॅगेत शेजाऱ्याचे बूटसुद्धा कोंबतात.

असोन्येसोच्या मिशनच्या आवारात ते उतरले. आवाराला उंच भिंत होती आणि लोखंडी गजांचं फाटक. एकट्यानं फाटकाबाहेर जायचं नाही. सगळ्यांनी पिवळे सदरे घालायचे, म्हणजे कुणी हरवणार नाही. फोन गटाबरोबर आलेल्या प्राध्यापक डॉक्टर हॅलोरनबाईंच्या निळ्या पिशवीत, एक दिवसाआड संध्याकाळी अर्धा तास मिळणार. सकाळी आवारातल्याच शाळेच्या वाचनालयासाठी विटा वाहायच्या, दुपारी शाळेच्या व्हरांड्यात गावकऱ्यांचं ब्लड प्रेशर मोजायचं आणि संध्याकाळी गोल करून बसायचं. गोलात बाई मांडी घालून जमिनीवर बसायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "आज तुम्हाला आतून कशानं हलवलं?" प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागायचं. एका मुलाला इथल्या लोकांच्या हसण्यानं हलवलं होतं. टेसला आकाशानं. आफियाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ट्रॅफिकनं." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "तुझ्यासाठी हा प्रवास वेगळा असेल, नाही का? एका अर्थी तू घरी आली आहेस." सगळ्यांनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. आदल्याच दिवशी विटांपाशी उभ्या असलेल्या बायांनी तिच्याकडं बोट करून "ओब्रोनी" म्हटलं होतं. तिकडून आलेली. परकी. गोरीसुद्धा ओब्रोनी आणि हीसुद्धा. पिवळा सदरा अंगाला घामानं चिकटला होता. घर कुठल्या बाजूला आहे हे तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं कुठं बोट दाखवलं असतं?

ओपोकु मास्तर गटाचे दुभाषे होते, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. विटांच्या ढिगापाशी सावलीत बसून ते संत्रं चोखत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि काही विचारायचं नाही असं ठरवलेलं असताना तिनं विचारलं, "मास्तर, आकुआ आफ्रियी म्हणून कुणी ठाऊक आहे? कुमासीत फलक पाहिला."

"पलीकडच्या गावची, एफिदुआसीची? पामतेलवाली?" त्यांनी बी थुंकली. "तिला कोण ओळखत नाही! गेली बिचारी. पण पुरली नाही अजून. तिचा थोरला अमेरिकेत असतो. त्याची वाट बघतायत." मग ते थांबले. संत्रं हातातच राहिलं. त्यांनी तिच्या कपाळाकडं पाहिलं, मग भुवईकडं. बराच वेळ पाहिलं. "तुझं आडनाव काय म्हणालीस, पोरी?"

"काही म्हणाले नाही मी."

"बरं," मास्तर म्हणाले. ते अगदी डॅडींसारखं वाटलं.

त्या रात्री टेसचा संथ श्वास ऐकत पडल्या पडल्या तिला नायगारा आठवत राहिला. शाळेत असताना चर्चची सहल गेली होती. पूल ओलांडला की कॅनडा, तिथून धबधबा समोरून दिसतो. सगळे गेले, डॅडी गेले नाहीत. "इथूनच छान दिसतो," म्हणाले आणि अलीकडच्या काठावर कठड्याला टेकून राहिले. ती पलीकडून हात हलवत होती. मधे ते प्रचंड पाणी आणि पांढरा धूर, त्यापलीकडं तपकिरी कोटातला एक ठिपका. तोही हात हलवत होता. त्यांना उंचीची भीती वाटते, असं तिनं मैत्रिणीला सांगितलं होतं. विमानाची भीती. पोलिसांच्या गाडीमागून गाडी चालवायची भीती. नुसती भित्र्या बापाची मुलगी होऊन ती वाढली. गेल्या वर्षी कॉलेजात परदेशी माणसांच्या कायद्यावरचा एक तास होता. तिथं वाचलं होतं की मुदत संपूनही राहिलेला माणूस एकदा देशाबाहेर पडला की त्याला परत येता येत नाही. आणि अमेरिकेत जन्मलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापासाठी अर्ज करू शकतं. परीक्षेत तिनं याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. त्या तपकिरी ठिपक्याशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. "पुढच्या वर्षी," डॅडी फोनवर इंग्रजीत अधूनमधून म्हणायचे, ट्वीच्या लोंढ्यातून तेवढेच शब्द तिला कळायचे. येत्या ऑक्टोबरात ती एकवीसची होणार होती. म्हणजे तिच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापताना तो माणूस मनातल्या मनात मोजत होता. आई अटलांटात दुसऱ्या संसारात रमली होती. उरली ही. वीस वर्षं तिला वाटत होतं, आपण त्यांच्या आधारानं उभ्या आहोत. तिनं उशी उलटी केली, थंड बाजू वर घेतली. तिला उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पण जायला आवार होतं आणि आवाराला भिंत होती.

दोन दिवसांनी दुपारी व्हरांड्यात नेहमीसारखी रांग लागली. टेबलावर यंत्र, शेजारी मास्तर. रांगेतल्या माणसांचे चेहरे आफियाच्या लक्षात राहत नसत, हात राहत. तेलानं भाजल्याचा डाग असलेला हात. निळा दोरा बांधलेला हात. एका म्हाताऱ्याचा हात इतका बारीक की पट्टा बसेना. एका बाईच्या पाठीवर मूल होतं आणि त्याचा पाय सारखा यंत्राला लागत होता. "पुढचे," ती म्हणाली आणि पट्टा उघडून धरला. पुढचा हात टेबलावर आला तो पट्ट्यात न जाता सरळ तिच्या मनगटावर बसला. जाड, ऊबदार, कापडाच्या खळीचा वास असलेला हात. तिनं वर पाहिलं. काळ्या कापडातली एक बाई होती आणि तिच्या रुंद कपाळावर घामाचे थेंब होते. बाई बोलू लागली. लांब, न थांबता. मास्तर खाली बघत होते.

"काय म्हणतायत?"

"ती म्हणते, ती तुझी सेवा आहे."

"काय?"

"सेवा. बापाची बहीण. आत्या." मास्तरांनी घसा साफ केला. "सेरवा नाव. मी सांगितलं तिला. मला राहवलं नाही, पोरी. नुसतं भेटायला फाटकातून आत घेईनात म्हणून रांगेत उभी राहिली."

रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि बाया हसल्या. मास्तरांनी तेही सांगितलं, "म्हणतात, आधी हात मोजू दे तिला, मग भांड." सेरवा मागं वळून काहीतरी फटकन बोलली, हशा दुप्पट झाला. मग तिनं बोट उचलून आफियाच्या डाव्या भुवईवर ठेवलं. "ती म्हणते, ही बघा, आईची भुवई. कुणी चोरून नेली म्हणून आम्ही शोधत होतो." आणि ती हसता हसता मधेच थांबली.

आफियानं पट्टा गुंडाळला, कारण हातांना तेवढंच येत होतं. यंत्र फुगत गेलं. सेरवा बोलत होती आणि मास्तर तिच्यामागून धावत होते. "दर फोनला म्हणतो, येतो सेरवा, येतो. पुढच्या वर्षी. थोरला आल्याशिवाय मामा पुरायची तारीख धरत नाहीत. आई अजून शवागारात आहे. तिला थंडी सोसत नव्हती. हरमाटानच्या गार वाऱ्याच्या दिवसांत चुलीला पाठ लावून झोपायची. आणि आम्ही तिला बर्फात ठेवलंय, त्याच्यासाठी. तो मोठा माणूस झाला, विसरला, ठीक. पण एकदा सांगावं ना, येणार की नाही? तू त्याच्या घरात राहतेस. तू सांग. येतोय का तो?"

यंत्रानं लाल आकडा दाखवला. कुणी तो वाचला नाही. सगळी रांग तिच्या तोंडाकडं बघत होती. हो म्हणावं तर म्हातारी ऑक्टोबरपर्यंत आणि त्याहीपुढं, कागद हलतील तेव्हापर्यंत, तशीच पडून राहणार. नाही म्हणावं तर वीस वर्षं झाकून ठेवलेला बाप इथं भर व्हरांड्यात उघडा पडणार. आणि तिला कुणी विचारलं होतं? भाषा नाही, जागा नाही, कधी या घराचा उंबरा पाहिलेला नाही. अंगावर पिवळा सदरा. पण प्रश्न तिलाच विचारला होता आणि मनगटावरचा हात सुटत नव्हता.

"तो येऊ शकत नाही," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "त्याच्याकडे कागद नाहीत. बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत. तो मोठा माणूस नाही, मास्तर. तो म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो. कामावर त्याला केन म्हणतात. तो तिथं अडकलाय. तो म्हणतो ते खोटं नाही, पण... त्यांना सांगा, थांबू नका."

मास्तरांनी सांगितलं. ती एवढं बोलली आणि त्यांना फार थोडे शब्द लागले. सेरवानं दंडावरचा पट्टा स्वतःच सोडवून टेबलावर ठेवला. मग ती काहीतरी पुटपुटली. "म्हणते, आम्ही इथं त्याला शिव्या घालत होतो, आणि तो कोंडलेला," मास्तर म्हणाले. "म्हणते, मग तू चल. आज संध्याकाळी मामांसमोर त्याच्या जागी तू उभी राहा आणि हेच बोल. मी आणून सोडते परत."

डॉक्टर हॅलोरन मागं येऊन उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. आफियानं त्यांना सांगितलं. टेस तिच्याआधी रडली. बाईंनी आफियाच्या खांद्यावर हात ठेवला. "केवढं मोठं आहे हे, आफिया. पण फाटकाबाहेर मी नाही पाठवू शकत. कॉलेजनं लिहून घेतलंय, विम्याचा प्रश्न येतो, आणि एकीला सोडलं तर सगळ्यांना... तू समजून घेशील. आपण संध्याकाळी गोलात यावर बोलू. तुला हवा तेवढा वेळ देऊ." त्या मनापासून बोलत होत्या आणि त्याचाच आफियाला राग आला. त्या ओरडल्या असत्या तर तिला फाटकाकडं चालत जाता आलं असतं. या मऊ हाताखालून निघायचं कसं? ती म्हणाली, "बरं." मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. बरं. तोच शब्द.

सेरवाला मास्तरांनी समजावलं. ती बाईंसमोर जाऊन अदबीनं मान लववून आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. आता ती हळू बोलत होती. "विचारतेय, तिथं क्वाबेनाला कुणी दुए म्हटलं का?"

"म्हणजे?"

"ज्याचं माणूस जातं त्याला म्हणतात. दामिरिफा दुए. येणारा प्रत्येक जण म्हणतो. म्हटल्याशिवाय त्याचं रडणं सुरू होत नाही असं आमच्यात मानतात."

"कुणाला माहीतच नाही तिथं. मलाही नव्हतं."

सेरवानं ते ऐकलं आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले. तीन महिने आईविना आणि एक माणूस म्हणालं नाही. तिनं आफियाची हनुवटी धरली, लहान मुलीची धरावी तशी. "दामिरिफा दुए." आफियानं तिच्यामागून म्हटलं. रांग हसली. "दुए गं, दुवे काय!" मास्तर रांगेच्या वतीनं म्हणाले. पाठीवर मूल असलेली बाई पुढं आली आणि ओठ कसे करायचे ते दाखवू लागली. म्हातारा मागून सूर सांगत होता. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. एकदाचं जमलं तेव्हा सगळ्यांनी मिळून लांब हुंकार भरला. सेरवा उठली. बाईंनी दिलेली दवाखान्यात जाण्याची चिठ्ठी तिनं पोलक्यात खोचली, कापड झटकलं आणि मागं न बघता व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. "पुढचे," कुणीतरी म्हणालं. आफियानंच म्हटलं असावं.

संध्याकाळी गोल बसायच्या आधी ती फाटकाशी गेली. फोन मिळायचा तो दिवस नव्हता. बाहेरच्या बाकावर ओपोकु मास्तर बसले होते. त्यांनी काही न विचारता गजांमधून आपला फोन आत दिला. तिकडं दुपार असणार. बऱ्याच वेळानं डॅडींचा आवाज आला, मागं टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकत होतं.

"डॅडी, मी."

"आफिया? कुणाचा फोन आहे हा? काय झालं?"

"सेरवा आत्या भेटली."

टीव्हीवर टाळ्या झाल्या. एक म्हातारा गोरा आवाज हाका मारत होता, केन, केन. दार लागल्याचा आवाज आला आणि टीव्ही दूर गेला.

"आफिया, मी पुढच्या वर्षी—"

"माहीत आहे मला. ऑक्टोबरनंतर. मी एकवीसची झाले की." ती गजाला डोकं टेकून उभी होती. "डॅडी, मी त्यांना सांगितलं. थांबू नका म्हणाले. तुम्हाला न विचारता."

तिला वाटलं, आता ते म्हणतील, बरं. ते तसं म्हणाले तर आपण काय करू, हे तिला कळेना.

"सेरवा... जाड झालीय का?"

"हो. थोडी."

"शिव्या दिल्या तिनं मला?"

"आधी. नंतर नाही." तिनं डोळे मिटले, ओठ त्या बाईनं दाखवले तसे केले. "डॅडी, दामिरिफा दुए."

पलीकडून एक आवाज आला. जड काहीतरी उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तसा. मग ते सावकाश, भिंतीवरून घसरत खाली बसल्यासारखं वाटलं.

"यो," ते म्हणाले. घेतलं. आणि थोड्या वेळानं, "कुणी शिकवलं?"

"आत्यानं. रांगेतल्या सगळ्यांनीच."

"सगळे होते?"

"सगळे."

"मग त्यांचंही म्हण. एकेकाचं म्हणतात. एकदम म्हणत नाहीत."

नावं तिला कुणाचीच ठाऊक नव्हती. "एका बाईच्या हातावर तेलाचा डाग होता," ती म्हणाली, "तिचं, दामिरिफा दुए." "यो." "एकीनं निळा दोरा बांधला होता. दामिरिफा दुए." "यो." "एक म्हातारा, हात अगदी बारीक." "यो." "एकीच्या पाठीवर मूल होतं. तिचं. आणि मुलाचं." आता त्यांचा आवाज फुटला होता. प्रत्येक वेळी तो थोडा अधिक फुटत होता, तरी प्रत्येक वेळी उत्तर येत होतं. आवारातून टेस तिला हाका मारू लागली, गोल बसला होता, सगळे तिच्यासाठी थांबले होते. मास्तर गजांपलीकडं पाठ करून उभे होते. ती एकेक हात आठवत गेली, मागच्या दिवसांचे, त्याच्याही मागच्या दिवसांचे, आणि एका जागी आठवायचं संपलं.

"अजून?" डॅडींनी विचारलं.

तिनं पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात केली.